खानदेशात टायगर बीटल शोधायचे कसे, पाहायचे कसे

टायगर बीटल शोधायला निघालेले बहुतेक जण झाडाझुडपांत डोकावत फिरतात आणि तसेच परततात. हा भुंगेरा उघड्या जमिनीवरचा शिकारी आहे. गवत नाही, पालापाचोळा नाही, चार हातांवरून जाणारी मुंगीसुद्धा नजरेत भरेल अशी सपाट जागा त्याला लागते. म्हणून आधी जमीन शोधायची, मग त्या जमिनीतली त्याच्या अळ्यांची बिळं, आणि भुंगेरा सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की तापीथडीला किंवा पांझरेच्या काठी एका सकाळीही काम होतं. क्रम उलटा केला तर महिना गेला तरी पायाखालून काहीतरी चमकत उडालं, एवढंच पदरात पडतं.

ओळख आधी पक्की करून घ्या. आपल्याकडच्या जमिनीवरच्या जाती साधारण 8 ते 18 मिलिमीटर लांबीच्या असतात. डोळे मोठे आणि बाजूला बाहेर आलेले, त्यामुळे डोकं मानेमागच्या भागापेक्षा रुंद दिसतं. जबडे विळ्यासारखे वाकडे, मिटले की एकमेकांवरून जाणारे. पाय लांब आणि काटकुळे. पाठीवरचे कडक पंख तपकिरी, तांबूस किंवा हिरवट झाक असलेले आणि त्यांवर पांढरट-पिवळट ठिपके किंवा नागमोडी पट्टे. पण शेतात ओळख पटते ती चालीवरून: वेगाने धाव, अचानक थांबणं, पुन्हा धाव. पूर्ण वेगात असताना त्याच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाश टिपता येत नाही, भक्ष्य धूसर होतं, म्हणून थांबून नेम पुन्हा धरावा लागतो. हे थांबणं जेमतेम क्षणाचं असतं. निरीक्षकाला जे काही नीट दिसतं ते त्याच क्षणात.

दोन कीटकांशी हमखास गल्लत होते. पहिला म्हणजे अँथिया सेक्सगुटाटा, काळाभोर, पाठीवर सहा ठळक पांढरे ठिपके, लांबीला दीड इंच. माळावर आणि शेतरस्त्यावर तो रुबाबात फिरताना दिसतो. हा उडत नाही, आणि डिवचला तर मागच्या टोकातून आम्लाची पिचकारी मारतो. ते डोळ्यांत गेलं तर जबर आग होते, म्हणून त्याच्यावर तोंड वाकवून फोटो काढू नका. दुसरी गल्लत माश्यांशी. पाण्याच्या कडेला चिखलावर बसणाऱ्या काही माश्या तशाच उडून पुढे बसतात. दुर्बिणीतून जबडे आणि लांब पाय दिसले की शंका राहत नाही.

जमीन कुठली

खानदेशात चार प्रकारच्या जागा धरून चालायचं. पहिली आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे नदीपात्रातली ओली वाळू आणि गाळवट. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर, गोमाई, कुठलीही नदी घ्या. पाण्याच्या रेषेपासून पाच ते तीस फुटांचा पट्टा पाहायचा. त्यातही जिथे वाळू संपून बारीक गाळ सुरू होतो ती सांध्याची पट्टी सगळ्यात चांगली, कारण पाण्याकाठच्या बारीक माश्या आणि मुंग्या तिथेच असतात. नुसती जाडी, कोरडी, पायाखाली सरकणारी वाळू कामाची नाही. तिच्यात अळीचं बीळ टिकत नाही. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तो परिसर, प्रकाशा-सारंगखेड्याकडची तापी, हतनूरचं मागचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा काठ, या भागांत अशी जमीन मैलोन् मैल आहे.

दुसरी जागा तलावाचा ओसरता काठ. जळगावचा मेहरूण असो की तोरणमाळचा यशवंत तलाव, पाणी मागे हटल्यावर जी चिकणमाती सुकत जाते तिच्यावर भेगा पडायच्या आधीचे काही दिवस महत्त्वाचे. भेगा पडल्या की भुंगेरे पाण्यामागे सरकतात.

तिसरी जागा माळ आणि कुरण. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणासारख्या ठिकाणी गवताच्या मधून गेलेल्या गाडवाटा, गुरांच्या पायवाटा, मुरूम उघडा पडलेले तुकडे बघायचे. गवतात नाही, वाटेवर बघायचं. इथे दिसणाऱ्या जाती लहान आणि मातकट असतात, हलल्याशिवाय दिसत नाहीत.

चौथी जागा सातपुड्याचं जंगल, म्हणजे यावल अभयारण्य, पाल, तोरणमाळ. आणि दक्षिणेला चाळीसगावकडे पाटणादेवी. तिथे जमिनीवरच्या जातींबरोबर झाडावरच्याही भेटण्याची आशा असते. निओकॉलिरिस ही त्यांतली प्रजाती: निळसर काळी, मान लांब, अंग काडीसारखं, पहिल्या नजरेला मोठा मुंगळाच वाटावा. ती झुडपांच्या पानांवर, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, पानाच्या वरच्या बाजूने पळत असते. इथे मात्र झाडाझुडपांत बघणं बरोबर.

शेत हा पाचवा प्रकार म्हणता आला असता, पण तिथे भरवसा कमी. केळीच्या बागेतल्या ओल्या पाटाच्या कडेला किंवा भाताच्या बांधावर भुंगेरे येतात. कपाशीत फवारणी झाली असेल तर काही आठवडे तिकडे फिरकू नका. फवारा भुंगेऱ्याला मारतो आणि त्याचं खाद्यही संपवतो.

हंगाम आणि वेळ

मृग लागला, पहिला दमदार पाऊस झाला की माळावरचे आणि शेताकडचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे, म्हणजे आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंतचा काळ, माळासाठी सगळ्यात चांगला. गवत गुडघ्याला लागलं की माळावर ते दिसेनासे होतात, कारण उघडी जमीनच उरत नाही. तेव्हा वाटा आणि खडकाळ उघडे तुकडे तेवढे धरायचे.

नदीचं गणित वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पात्र भरलेलं, काठ बुडालेला. पूर ओसरून नवे वाळूचे पट्टे उघडे पडले, की सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे नदीकाठ बघायचा. थंडीत कडाक्याच्या दिवसांत हालचाल मंदावते.

दिवसातली वेळ उन्हावर ठरते. चपळ शिकारीसाठी भुंगेऱ्याच्या शरीराचं तापमान 35 अंशांच्या आसपास लागतं. सकाळी ऊन कोवळं असताना तो अंग जमिनीला टेकवून, पाठ सूर्याकडे करून ऊन खातो, आणि त्या वेळी जवळ जाणं सगळ्यात सोपं असतं. ऊन वाढलं की पाय ताणून अंग उंच धरतो, कारण जमिनीपासून काही मिलिमीटर वरची हवासुद्धा जमिनीपेक्षा बरीच थंड असते. त्याहून तापलं की सावलीत, ओल्या मातीत किंवा बिळात शिरतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्या वाळूवर पाय ठेववत नाही. अशा दिवसांत दहानंतर थांबण्यात अर्थ नाही. पावसाळी उघडिपीत सकाळी साडेआठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा या वेळा ठेवा. आभाळ पूर्ण भरलेलं असेल तर भुंगेरे बसून राहतात आणि नजरेला पडत नाहीत. पावसानंतर पहिलं ऊन पडल्यावरचा तास चुकवू नका.

सोबत काय न्यावं

दुर्बीण 8×32 किंवा 8×42, पण दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवणारी. पक्षी बघायच्या पुष्कळ दुर्बिणी चार मीटरच्या आत धूसर होतात, त्या इथे उपयोगाच्या नाहीत. खताची रिकामी गोणी पोटावर झोपायला. ओल्या गाळावर तिच्याइतकं चांगलं काही नाही. 15 सेंटिमीटरची पट्टी, शक्यतो मिलिमीटरच्या ठळक खुणांची. दात कोरायच्या काड्या बिळांशेजारी खूण करायला. वही, पेन्सिल. पाणी दोन लिटर तरी, टोपी, आणि घोट्यापर्यंतचे बूट, कारण माळावर फुरसं आणि काठावरच्या दगडांत घोणस असू शकते. जमिनीचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर नोंदींना वजन येतं, नसली तरी अडत नाही.

बिळं: खरा पत्ता

प्रौढ भुंगेरा आज इथे, उद्या अर्धा किलोमीटर पुढे. अळी मात्र सहसा एकाच बिळात वाढते, आणि तिचं हे आयुष्य जातीनुसार आणि खाण्याच्या उपलब्धतेनुसार काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत चालतं. बिळं सापडली म्हणजे ही जमीन या जातीला मानवते, इथे प्रौढ येणारच, हे नक्की झालं. म्हणून बिळं ओळखता येणं हे या सगळ्या कामातलं मुख्य कौशल्य, आणि त्याला वेळ द्यायलाच हवा.

अळीचं बीळ अगदी गोल, कडा स्वच्छ, तोंडाभोवतीची जमीन सपाट आणि गुळगुळीत. जणू पेन्सिलचं टोक उभं दाबून काढलंय. बीळ सरळ खाली जातं. उकरलेली माती तोंडाभोवती गोल रचलेली नसते. अळी ती डोक्यावर घेऊन एका बाजूला फेकते, त्यामुळे ताज्या बिळाच्या एकाच अंगाला, काही सेंटिमीटरवर, बारीक गोळ्यांचा पसारा दिसतो. मुंग्यांच्या बिळाला भोवताली मातीचं कडं असतं. कोळ्याच्या बिळाच्या तोंडाशी रेशीम चकाकतं. गांधीलमाशीचं बीळ तिरकं उतरतं. शेणकिड्याच्या भोकावर मोठा ढिगारा. वाळवाघाचा खड्डा तर उतरता, नरसाळ्यासारखा, तो ओळखायला त्रासच नाही.

शोधायची सर्वोत्तम वेळ म्हणजे चांगल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशीची सकाळ. पावसाने बुजलेली तोंडं अळ्या आतून उघडतात आणि ताजी माती बाहेर पडते, तिचा रंग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गडद दिसतो. उभ्याने बघू नका. सूर्य वर यायच्या आत, ऊन तिरपं असताना, उकिडवे बसून जमिनीला जवळजवळ समांतर नजर टाका. गोल भोकांच्या कडांवर सावली पडते आणि एक दिसलं की शेजारची दहा दिसू लागतात. बिळं बहुधा गटाने असतात.

आता एक बीळ निवडा आणि तीन-चार फुटांवर गोणी टाकून पालथे पडा. तुमची सावली बिळावर येऊ देऊ नका. पावलांच्या हादऱ्याने अळी खाली गेलेली असते, ती वर यायला पाच ते वीस मिनिटं लागतात. मग गंमत अशी की ती वर आल्याचं कळतच नाही: भोकच नाहीसं होतं. अळीचं चपटं डोकं आणि त्यामागची ढाल मिळून बिळाचं तोंड बरोबर जमिनीच्या पातळीत झाकतात, आणि त्या झाकणावर मातीच्या रंगाचे कण चिकटलेले असतात. दुर्बिणीतून बघितलं तर झाकणाच्या कडेला काळे मणी चमकतात, ते तिचे डोळे, आणि पुढे वर वळलेले दोन जबडे. मुंगी टप्प्यात आली की झाकण उलटं मागे झेपावतं, मुंगी धरतं आणि दोघं आत जातात. हे इतक्या वेगात होतं की डोळे मिटले तर हुकलं. तिच्या पाठीवर मध्ये एक उंचवटा असतो आणि त्यावर पुढे वळलेले आकडे. ते बिळाच्या भिंतीत रुतवून ती स्वतःला अडकवते, म्हणून मोठा किडा धरला तरी बाहेर ओढली जात नाही.

मोजमाप करायचं असेल तर एका गटातल्या तीसेक बिळांचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या. अळीचं डोकं बिळाच्या तोंडाएवढंच असतं आणि अळीच्या वाढीच्या तीन अवस्था असतात, त्यामुळे एकाच जातीची बिळं असतील तर आकडे साधारण तीन गटांत पडतात. सगळी मोठीच सापडली तर नवी पिढी यायला वेळ आहे. बारीक, दीड मिलिमीटरच्या आसपासची भोकं भरपूर दिसली तर मादीने नुकतीच अंडी घातली आहेत. खोली मोजायला मारवेलची सरळ, वाळलेली काडी हलक्या हाताने टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी चिमटीत धरा, काढून पट्टीवर ठेवा. काडी अडली तर रेटू नका, खाली अळी आहे.

काडी हलवून अळीला ती चावायला लावून बाहेर खेचतात, तो प्रकार करू नका. बाहेर आलेल्या अळीला नवं बीळ खणावं लागतं आणि तोवर मुंग्या तिला सोडत नाहीत.

बंद झालेली बिळं पाहून जागा मेली असं समजू नका. कडक उन्हाळ्यात, कात टाकताना आणि कोशात जाताना अळी तोंड बुजवून घेते. ज्या बिळांशेजारी खूण करायची तिथे काडी बिळापासून दहा सेंटिमीटर उत्तरेला रोवा, सगळीकडे एकाच दिशेला, म्हणजे तोंड बुजलं तरी जागा सापडते. बिळांजवळ पंख नसलेली, मुंगीसारखी छोटी गांधीलमाशी घिरट्या घालताना दिसली तर तिच्यावर नजर ठेवा. ती मेथोका असू शकते. तिची मादी अळीच्या बिळात शिरते, अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्यावर अंडं घालते.

प्रौढाजवळ जाणं

भुंगेरा बहुधा चार-पाच मीटरवरून दिसतो. तिथेच थांबा आणि पहिला फोटो काढून घ्या, कसाही आला तरी चालेल. पुढे तो उडाला तर निदान नोंद राहते.

सूर्य तुमच्या समोर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे सावली पुढे पडणार नाही. सरळ त्याच्याकडे जाऊ नका, तिरकं जा. कपड्यांचा रंग फारसा आड येत नाही. आड येते ती हालचाल, विशेषतः हात वर नेणं. म्हणून दुर्बीण किंवा कॅमेरा आधीच डोळ्याशी धरा. तो धावत असताना किंवा भक्ष्य चावत असताना पुढे सरका, थांबून तुमच्याकडे वळला की गोठून जा आणि मनात दहा मोजा. तीन मीटरवर आल्यावर खाली बसा, दोन मीटरवर पालथे व्हा. शेवटचं अंतर कोपरांवर सरकत जायचं.

उडाला तर मागे धावू नका. उडी साधारण पाच ते दहा मीटरची, जमिनीलगत असते, आणि बसताना तो बहुतेक वेळा वळून तुमच्याकडेच तोंड करतो. नेमका कुठे बसला ते दगड किंवा काटकीच्या खुणेवर पकडून ठेवा. नदीकाठी तो पाण्यावरून वळसा घेऊन पुन्हा त्याच पट्टीवर येतो, तेव्हा काठावरून मागे फिरून शांत बसणं हा पाठलागापेक्षा कितीतरी बरा उपाय. एकाच भुंगेऱ्याला तीनदा उडवलं असेल तर त्याला सोडा, दुसरा धरा. तो आता अंतर वाढवतच जाणार.

फोटोसाठी 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, वेग 1/800 च्या वर, छिद्र एफ 8 ते एफ 11. मोबाइलवर काढत असाल तर 2× किंवा 3× वर ठेवा, क्लिपची भिंग-लेन्स लावायला फार जवळ जावं लागतं. जात ठरवायला तीन फोटो लागतात: बरोबर वरून, पंखांवरची सगळी नक्षी दिसेल असा, बाजूने, आणि समोरून चेहऱ्याचा, ज्यात जबड्यांवरची फिकट पट्टी म्हणजे वरचा ओठ स्पष्ट यावा. त्या ओठाचा आकार, त्यावरचे दाते आणि केस यांवर ओळख अडते. नुसत्या वरच्या फोटोवरून नावं ठोकू नका. नक्षी एकाच जातीत कमी-जास्त होते.

जोडी दिसली तर थांबून बघा. नर मादीच्या पाठीवर बसून तिला मानेमागे जबड्यांनी धरतो, आणि मीलन झाल्यावरही बराच वेळ सोडत नाही, दुसऱ्या नराला जागा मिळू नये म्हणून. नराच्या पुढच्या पायांच्या टोकाकडे खालून पांढरट केसांच्या गाद्या असतात. मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसताना दिसली तर ती जागा लगेच नोंदवा. काही आठवड्यांनी तिथेच बारीक बिळं शोधायची.

काही जाती हातात धरल्या की कडू बदामाचा वास येतो, बेंझाल्डिहाइडचा. पण त्यासाठी पकडायची गरज नाही, आणि अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून पकडायचं नाहीच. यावल, अनेर, गौताळा या ठिकाणी आत शिरायच्या आधी नाक्यावर नोंद करा.

रात्रीचा मार्ग

पुष्कळ जाती दिव्यावर येतात. धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या ढाब्यांचे आणि पेट्रोल पंपांचे पांढरे दिवे पावसाळ्यात रात्री साडेसात ते दहा या वेळात बघण्यासारखे असतात. भिंत नव्हे, दिव्याखालची फरशी बघायची. टायगर बीटल खाली उतरून इतर किडे धरत फिरतात. कॅलोक्रोआ फ्लावोमॅक्युलाटा, गडद अंगावर पिवळे गोल ठिपके असलेला, असा दिव्याखाली भेटण्याजोगा. किडे यावेत म्हणून दिव्यासमोर स्वतःचा पांढरा पडदा लावायचा तर अमावास्येच्या आसपासचे, वारा नसलेले, दमट दिवस निवडा. ढाब्यावर किंवा पंपावर आधी मालकाला सांगा. रात्री वाकून फरशीवर बॅटरी मारणाऱ्याला "काय करी ऱ्हायना भाऊ?" हे विचारलं जाणारच, आणि नीट उत्तर दिलं की पुढच्या वेळी तीच माणसं डबीत किडा धरून ठेवतात.

काही जाती रात्री गवताच्या काडीवर किंवा झुडपाच्या टोकाला बसून झोपतात. नदीकाठच्या पट्टीलगतचं गवत पहाटे, दव असताना, डोक्यावरच्या बॅटरीने तपासा. थंडगार भुंगेरा उडत नाही आणि चेहऱ्याचा फोटो यापेक्षा सोपा कधीच मिळत नाही.

काय बिघडतं

पूर आल्यावर मागच्या वर्षीची जागा सापडत नाही, कारण वाळूचा पट्टाच सरकलेला असतो. तेव्हा प्रवाहाच्या खालच्या अंगाला, वळणाच्या आतल्या काठावर नवा पट्टा शोधा. पावसाळ्यात तापीपात्रात उतरण्याआधी हतनूरच्या विसर्गाची बातमी बघा. धरणाला 41 दरवाजे आहेत आणि पाणी सोडल्यावर खालचा काठ बघता बघता बुडतो. गाळवटावर पाय घोट्याच्या वर रुतू लागला तर मागे फिरा.

वाळूउपसा झालेल्या पट्ट्यात बिळं नसतात. वरचा थर निघाला की त्यातल्या सगळ्या वयाच्या अळ्या ट्रॉलीत जातात, आणि उडणारे प्रौढ दुसरीकडून येऊन अंडी घालेपर्यंत ती जागा रिकामी राहते. ट्रॅक्टरची रोजची वाट झालेल्या भागातही तेच, तिथे माती दडपून बिळं बुजतात. अशा जागेची नोंदही ठेवा, तारखेसह आणि "बिळं नाहीत" असं लिहून. सापडलं नाही ही माहितीही पुढे तुलनेला लागते.

नोंदवहीत प्रत्येक वेळी हे लिहा: तारीख, वेळ, गाव आणि नदी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, जमिनीचा प्रकार, पाण्यापासूनचं अंतर फुटांत, ऊन की आभाळ, किती भुंगेरे, किती बिळं, त्यांचे व्यास. फोटो आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना तिन्ही बाजूंचे एकाच नोंदीत टाका, आणि जात नक्की नसेल तर कुळापर्यंतच नाव द्या. पुढची ओळख पटवायला जाणकार तिथे येतात. पुढच्या वर्षी पूर ओसरला की त्याच अक्षांश-रेखांशावर उभं राहून आधी काठ किती हलला ते मोजा, मग बिळं शोधायला बसा.